सातव्या खुर्चीची वाटी

आपली बायको त्रिशला गेली हे अभिनंदन मगदूमला कळलं, तेव्हा तिला जाऊन दोन तास वीस मिनिटं झाली होती.

कुपवाडच्या त्या कारखान्यात ऐकू येण्याची यंत्रं बनत. कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. आत धूळ चालत नसे. म्हणून चप्पल, घड्याळ, मोबाइल सगळं दाराबाहेरच्या कपाटात ठेवूनच आत जायचं. शेजारच्या मालूताईंनी अभिनंदनला सात वेळा फोन केला. मोबाइल कपाटात वाजत राहिला. मग त्यांनी ऑफिसात फोन लावला. ऑफिसातल्या माणसाने नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहून रखवालदाराकडे दिली. रखवालदाराने ती सुपरवायझरच्या खणात ठेवली. सुपरवायझर जेवायला गेला होता. तो आला, त्याने चिठ्ठी वाचली, पांढरा झगा चढवला, हात धुतले, हवेच्या झोताखाली तीस सेकंद उभा राहिला आणि मग आत आला.

कोणीही आपलं काम चुकवलं नव्हतं. अभिनंदनने नंतर त्यांच्यापैकी कोणावर तरी रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

सकाळी ती म्हणाली होती, "डोकं जड झालंय वो, आज रजा टाकते." तो म्हणाला होता, "टाक की." मेंदूत रक्त साकळलं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, पुण्याची मुलगी आठ दिवस राहून परत गेली. घरात फारसं काही बदललं नाही. फळीवर त्रिशलाचा चष्मा होता, तो तिथेच राहिला. तो चष्मा तसा नवा होता. तिला त्याची गरज नव्हती. अभिनंदनच्या सांगण्यावरून केलेला होता.

त्याचं असं झालं. त्रिशला त्याच कारखान्यात अकरा वर्षं सातव्या खुर्चीवर बसत होती. ओळीत सात खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवरची बाई यंत्राच्या तोंडावर एक पातळ पडदा गोंदाने चिकटवायची. आवाज आत जावा पण घाम जाऊ नये, यासाठी तो पडदा. पहिल्या खुर्चीवर मोठ्या माणसांची यंत्रं, आणि पुढे पुढे लहान होत सातव्या खुर्चीवर शाळेतल्या मुलांची. सगळ्यात बारीक काम तिथे, म्हणून सगळ्यात चांगला हात तिथे बसवायचा. त्रिशलाचा हात सगळ्यात चांगला होता.

ती जायच्या दोन वर्षं आधी एका जिल्ह्यातल्या शाळांमधून चाळीस यंत्रं परत आली. वापरायला लागून आठ महिने झाले नव्हते, तोच मुकी झालेली. खोक्यावरचे आकडे बघितले, तर सगळी सातव्या खुर्चीवरची, एकाच दिवसाची. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगाराची चूक. त्रिशलाला पॅकिंगला हलवलं.

त्याआधी कितीतरी दिवस ती जेवताना म्हणायची, "माझ्यापर्यंत येईस्तोवर गोंद तार धरतोय वो. पाक कसा तार धरतो, तसा." अभिनंदन तपासणी विभागात. त्याच्या खात्यात गोंदाच्या बाटल्या बरोबर उतरत होत्या. तो म्हणाला, "गोंद चांगलाय. तुझा हात मंद झालाय. डोळे तपासून घे एकदा."

तिने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही म्हटला तरी चालेल. तरी तिने चष्मा केला. अहो म्हणतात म्हणून.

*

ती गेल्यानंतर आठ महिन्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा शाळेतली यंत्रं, पुन्हा सातवी खुर्ची. आता तिथे शबाना मुजावर बसत होती. तिला घरी बसवलं. निकाल महिनाअखेर लागेल, असं सांगितलं. पण या खेपेला वरच्या लोकांनी पुण्याहून एक यंत्रही मागवलं, आणि यंत्राबरोबर अन्वी लोखंडे नावाची इंजिनियर पोरगी आली. सत्तावीस वर्षांची. पहिल्या दिवशी ती अभिनंदनला सर म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून काका.

यंत्राचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. ओळीतल्या बायकांनी त्याला सावली म्हणायला सुरुवात केली आणि मग अन्वीही तेच म्हणायला लागली.

"काका, या कारखान्यात सहा वर्षांपासून सगळ्यांच्या मनगटाला पट्टे आहेत ना?" तिने समजावून सांगितलं. "हात कसा हलला, किती थरथरला, कुठे थांबला, ते सगळं साठत गेलंय. शिवाय खोलीतली हवा, ओल, गोंद किती वाजता कालवला तेही. त्या सगळ्यातून सावली हाच कारखाना आत परत उभा करते. भिंती, खुर्च्या, हात, सगळं."

"आणि मग?"

"मग एकच दिवस हवा तितक्या वेळा जगायचा. बघा, सोमवारी माल बिघडला, मंगळवारी बाई बदलली आणि माल सुधारला, की आपण म्हणतो बाईचा दोष. पण मंगळवारी हवासुद्धा वेगळी असते. सावलीत सोमवार तोच राहतो. त्यात फक्त बाई बदलायची. नाहीतर बाई तीच ठेवून दुसरं काहीतरी बदलायचं. दहा हजार वेळा करायचं. ज्याच्या बदलण्याने निकाल बदलतो, ते कारण."

दारात उभ्या असलेल्या पारूबाई, पहिल्या खुर्चीवरच्या, म्हणाल्या, "अण्णा, सावलीतल्या आमच्या हातांना च्याची सुट्टी हाय न्हवं?"

"दहा हजार वेळा काम आहे, पारूबाई. सुट्टी कसली," अभिनंदन म्हणाला.

"मग पगार पण दहा हजार येळा लावा म्हनावं."

अन्वीने जुनी चौकशीही बाहेर काढली. दोन्ही बिघाड सारखे दिसत होते. जुन्या चौकशीच्या कागदावर कोणाची तरी शेवटची सही राहून गेली होती, त्यामुळे ती अजून उघडीच होती. आणि उघडी होती म्हणून त्या दिवसाची सगळी माहिती पुसली गेली नव्हती. कायदाच तसा झाला होता. सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या कामगाराच्या हाताची माहिती चौकशी चालू असेपर्यंतच ठेवायची. बंद झाली की त्याच दिवशी पुसायची.

"जुन्या दिवशी सातव्या जागेवर कोण होतं?" अन्वीने यादी बघत विचारलं. "त्रिशला अ. मगदूम." मग तिने यादीवरून मान वर केली. "काका..."

"लाव," तो म्हणाला.

संगणकाच्या पडद्यावर राखाडी रंगाचं टेबल आलं. सात खुर्च्या, त्यांच्यासमोर हातांच्या सात जोड्या. चेहरे नव्हते, कपडे नव्हते. कोपरापासून पुढचे हात, धुक्यातून आल्यासारखे. खिडकीच्या जागी सकाळचा उजेड होता. त्या दिवशी जेवढा पडला होता, तेवढाच.

सातव्या जागेवरच्या हाताने चिमटा उचलला. ट्रेच्या कडेवर दोनदा टेकवला, टक् टक्. करंगळी बाजूला ताठ झाली. मग ट्रेमधला पातळ पडदा उचलला गेला.

भाजीला फोडणी देतानाही ती उलथनं कढईच्या कडेला असंच दोनदा टेकवायची. इतकी वर्षं तो आवाज घरात होता. तो बंद झाला आहे, हे अभिनंदनच्या लक्षातच आलं नव्हतं.

*

तीन दिवसांत सावलीने एक गोष्ट सांगून टाकली. त्रिशलाच्या जागी शबानाला बसवलं, तेवढीच यंत्रं बिघडली. पारूबाईंना बसवलं, तेवढीच. कारखान्यातल्या अठ्ठावीस बायकांपैकी एकेकीला बसवून झालं. शेवटी अन्वीने गंमत म्हणून न थकणारा, न थरथरणारा लोखंडी हात बसवला. त्याचीही तेवढीच बिघडली. उलट त्रिशलाला दुसऱ्या खुर्चीवर नेलं, तर तिचं एकही यंत्र बिघडलं नाही.

"बाईचा दोष नाही," अन्वी म्हणाली. "खुर्चीचा आहे. म्हणजे त्या खुर्चीपर्यंत जे काही पोचतं त्याचा. आता एकेक गोष्ट बदलून बघायची. हवा, दिवे, ट्रे..."

"बघ. सगळं नीट बघ. घाई करू नको," अभिनंदन म्हणाला.

आणि तो रोज जेवणाच्या सुट्टीत सावलीच्या खोलीत येऊन बसू लागला. डबा उघडायचा, शेजारी ठेवायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. तोच दिवस. साडेनऊला हात यायचे, ट्रे पुढे सरकायचे, अकराच्या सुमाराला उजेड टेबलाच्या कडेवरून आत यायचा. कधी तो आवाज पूर्ण बंद करायचा. दुपारच्या शांततेत ते हात पाण्याखाली काम करत असल्यासारखे दिसायचे. त्याला वाटायचं, हा दिवस तिच्यासाठी कुठेतरी खरंच चालू आहे. ती तिथे बसली आहे, फक्त इकडे बघायला तिला वेळ नाही.

आज हे तपासा, उद्या ते तपासा, असं तो सुचवायचा आणि अन्वी तपासायची. दहा दिवस गेले. महिनाअखेर पाच दिवसांवर आली.

फाटकासमोर चहाची टपरी होती. शबाना रोज तिथे येऊन उभी राहायची. त्या दिवशी तिने त्याला गाठलंच.

"अण्णा, काय निघालं का?"

"बघतोय. चाललंय काम."

"दहा दिवस तेच सांगताय तुम्ही." तिने आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. "ह्या हातात काय खोट हाय ते दावा मला. लगीनसराईत मेंदी काढायला सगळी गल्ली माझ्याकडं येती. आजपत्तोर एक रेघ हलली न्हाई. आणि इथं म्हणं माझा हात हलतोय."

"तसं कोणी म्हणालं नाही, शबाना."

"मग घरी कशाला बसवलंय? हवा खायाला?" चहावाला हसला, तशी ती त्याच्यावर डाफरली, "तू गाळ गप चहा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेंदीचा कोन घट्ट झाला, तर मी फेकून देते आणि दुसरा घेते अण्णा. गिऱ्हाइकाच्या हातावर कोण जुनी मेंदी काढतंय? इथं फेकता येत न्हाई. तेवढंच काय ते वेगळं."

अभिनंदनच्या हातातला चहा तसाच राहिला.

*

गोंद दोन औषधं एकत्र कालवून होतो. कालवल्यापासून चाळीस मिनिटं तो चांगला. पुढे दिसायला तसाच दिसतो, पण नीट धरत नाही. पडदा बसल्यासारखा वाटतो आणि कडेला केसाएवढी फट राहते. मग महिनोन्महिने घाम आत झिरपतो, आणि एक दिवस यंत्र मुकं होतं.

स्टोअरच्या खिडकीतून गोंदाची एक प्लास्टिकची वाटी मिळायची. ती पहिल्या खुर्चीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे अशी हातोहात जायची. सातवीकडे पोचायला पस्तीस-छत्तीस मिनिटं लागायची. उन्हाळ्यात गोंद त्याआधीच जड व्हायचा. तरी सातवीला ती वाटी संपवावीच लागे. कारण रिकामी वाटी खिडकीत दाखवल्याशिवाय नवी वाटी मिळत नसे.

बारा वर्षांपूर्वी गोंद फार वाया जायचा. अर्ध्या अर्ध्या वाट्या फेकल्या जायच्या. तेव्हा स्टोअरमध्ये एक नवा, हुशार माणूस होता, त्याने हा नियम काढला. गोंद वाचला. त्या माणसाला गणपतीत नारळ, शाल आणि स्टीलचा डबा मिळाला. पुढे बढती मिळून तो तपासणी विभागात गेला.

तो डबा अभिनंदन अजून रोज आणत होता.

दोन दिवस त्याने वाटीचा विषय अन्वीकडे काढला नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी पडद्यावर अकरा वाजले, सातव्या जागेवर पुढची वाटी आली. हाताने चिमट्याचं टोक गोंदात बुडवलं आणि वर उचललं. हात थांबला. टोक पुन्हा बुडालं, पुन्हा वर आलं. ती तार बघत होती. अभिनंदनने हे दृश्य इतक्या वेळा बघितलं होतं, पण त्याला ती तिची सवय वाटली होती.

"अन्वी, वाटीचा नियम काढून बघ. मनाला येईल तेव्हा फेकायची, नवी घ्यायची."

तिने काढला. सावलीने तो दिवस दहा हजार वेळा जगून दाखवला. सातव्या खुर्चीवरचा बिघाड जवळजवळ नाहीसा झाला. कोणीही बसलं तरी.

अन्वी खुर्चीतून उठलीच. "हेच ते! इतकं साधं? काका, हा नियम कोणी काढला होता?"

"मी."

ती परत बसली. मग तिने विचारलं, "काकूंना माहीत होतं, नियम तुमचा आहे ते?"

"सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी मिळालेल्या शालीची तिने पुढे गोधडीला आतली बाजू लावली. ती नियमाबद्दल एका शब्दाने बोलली नाही. फक्त गोंदाबद्दल बोलायची."

*

कारखान्याचे मॅनेजर देशिंगकरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"मगदूम, हे असं लिहिलं तर काय होईल, कळतंय ना? बाईची चूक असली, तर एक दिवसाचा माल परत मागवायचा. नियमाची चूक असली, तर नियम असल्यापासूनचा सगळा माल संशयात."

"मुलांच्या कानात अजून चालू असायला हवीत अशी तीनशे बारा निघतात, साहेब. बाकीची जुनी होऊन कधीच बदलली गेलीत."

"आणि ती बाई... मुजावर. तिला दुसरीकडे घेऊ आपण. पॅकिंगला वगैरे. तिचंही नुकसान नको."

"त्रिशलालाही पॅकिंगलाच घेतलं होतं."

देशिंगकरांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "नियमाला घरी बसवता येत नाही, मगदूम. वरचे लोक नाव विचारतात."

"नाव हवंच असेल तर माझं लिहा. नियम माझा होता. पण मला घरी बसवून गोंद ताजा व्हायचा नाही. वाटी बदला, खिडकीचा नियम बदला आणि ती तीनशे बारा यंत्रं परत आणा. मग माझं काय करायचं ते करा."

तपासणी विभागाचा म्हणून सही त्याचीच लागणार होती. नव्या चौकशीवर आणि जुनीवरही. दोन्हींचं कारण एकच निघालं होतं, तेव्हा दोन्ही एकदमच बंद होणार.

अन्वीने बाहेर येऊन त्याला हळूच सांगितलं, "काका, सही आज केली, तर पाच वाजता काकूंचे हात पुसले जातील. दोन दिवस थांबलात तरी चालेल. शबानाताईंचा निकाल परवा आहे."

तो विचार त्याने आधीच करून झाला होता. दोन दिवसांचे चार होतात आणि चारांचे दहा, हे त्याचं त्यालाच दिसलं होतं. तोवर शबाना टपरीसमोर उभी होती.

"आजच करतो. त्याआधी एकदा लाव. तिला सातव्या जागेवरच बसव. वाटी ताजी दे."

दुपारचे दोन वाजले होते. सावलीत साडेनऊ वाजले. राखाडी टेबल, सात जोड्या हात. टक् टक्. करंगळी ताठ झाली. अकराला वाटी आली, ताजी. चिमट्याचं टोक बुडालं, वर आलं. तार नव्हती. हात थांबला नाही. एकामागून एक पडदे बसत गेले. ती इतकी भराभर काम करू शकते, हे अभिनंदनला माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत त्याने कधी बघितलं नव्हतं. ट्रे वेळेच्या आधी संपला. मग दोन्ही हात टेबलावर एकमेकांशेजारी पालथे ठेवले गेले आणि तसेच राहिले, उन्हात बसल्यासारखे.

ते तसे दिसत असतानाच त्याने सही केली.

*

शबाना सातव्या खुर्चीवर परत आली. आता प्रत्येक खुर्चीला वेगळी वाटी असते आणि वाटीवर कालवल्याची वेळ असते. वेळ झाली की फेकायची. खिडकीत काही दाखवावं लागत नाही. "अण्णा, आता मेंदीवानी झालंय बघा," शबाना म्हणते. त्रिशलाच्या कागदावरचा शेरा खोडून त्याच्याखाली नवीन ओळ लिहिली गेली आहे. अभिनंदनची बढती काढून घेतली. नोकरी राहिली.

रविवारी तो यादी घेऊन एसटीने गावोगाव जातो. बऱ्याचशा मुलांना यंत्र बंद पडल्याचंच कळलेलं नव्हतं. ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं आणि त्यांनी ते तसंच धरून घेतलं. जतच्या पुढे एका शाळेत गुरुजी एका मुलीला पुढे आणत म्हणाले, "हुशार होती हो. गेलं वर्षभर लक्षच नसतं वर्गात. पहिल्या बाकावर बसवून बघितली, ओरडून बघितलं."

"गुरुजी, तिला काही बोलू नका," अभिनंदन म्हणाला. त्याने तिच्या कानामागचं यंत्र काढलं आणि नवं बसवलं. मग खिशातलं पेन बाकाच्या कडेवर दोनदा टेकवलं.

मुलीने झटकन वळून त्याच्याकडे बघितलं.

तीनशे बारापैकी दोनशे त्र्याण्णव झाली. उरलेली मुलं ऊसतोडीला गेलेल्या घरांतली आहेत, शाळा बदललेली आहेत, त्यांचे पत्ते लागत नाहीत. एकोणीस यंत्रं अजून बदलायची राहिली आहेत.